बरणीचे किती, आमसुलाचे किती? किराणा आवाक्यात ठेवण्याची आमची पद्धत

गणपतीला ठाण्याहून भाचा आला तो हातात एक देखणी काचेची बरणी घेऊन. लाकडी बूच, गळ्याला सुतळी, सुतळीला तपकिरी कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर 'अस्सल कोकणी आमसूल'. आत आमसुलं १५० ग्रॅम, छापील किंमत २४० रुपये. सासूबाईंनी चष्मा लावला, बरणी उलटीसुलटी केली आणि त्याला विचारलं, "ह्यातली बरणी केवढ्याची रे?"

पोरगं ओशाळलं. त्या आठवड्यात चिपळूणच्या बाजारात चांगली काळी, मऊ आमसुलं ४०० रुपये किलोने मिळत होती. बरणीतली पडली १,६०० रुपये किलो. गुहागरकडच्या गावात आमच्या आत्यांच्या परड्यात रातांब्याची, म्हणजे ज्याची आमसुलं होतात त्या फळाची, दोन झाडं आहेत, हे तर वेगळंच.

त्याला हसून झालं आणि दुसऱ्या दिवशी मी माझीच पिशवी रिकामी करताना जरा नीट पाहिलं. सोललेल्या लसणीचं पाकीट, गुलाबी मीठ आणि सोलकढीची तयार पावडर. घरात नारळ आणि आगळ (रातांब्याचा खारवलेला रस) असताना सोलकढीची पावडर! तेव्हापासून मी वही घातली. खाली लिहिलंय ते त्या वहीतून आलेलं आहे. दर आमच्या इथले आणि त्या त्या दिवसाचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असणार. हिशेबाची रीत तेवढी उचला.

आधी महिनाभर फक्त लिहा

पहिल्या महिन्यात काही बंद करू नका, काही बदलू नका. बिलं जपा. बिल नसेल तर घरी आल्याआल्या लिहा. रकाने चारच: वस्तू, वजन, पैसे, दर किलो. सगळ्या किराण्याचं लिहायला गेलात तर आठ दिवसांत कंटाळाल. घरात सर्वांत जास्त पैसे खाणाऱ्या पंधरा-वीस वस्तू निवडा. आमच्या घरी त्या अशा निघाल्या: तांदूळ, तेल, नारळ, तूरडाळ, कणीक, साखर, चहा, दूध, पोहे, कांदे-बटाटे, मासे, मसाला, बिस्किटं आणि फरसाण, साबण. मीठ, हिंग, मोहरी यांच्या दरावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. वर्षाला त्यांचे होतात किती?

वजनाचा रकाना चुकवू नका. मुलाच्या डब्यासाठी आम्ही दहा रुपयांचा एक बिस्किटपुडा आणतो. किंमत दहाची दहाच राहिली, म्हणून माझ्या लेखी तो महागलाच नव्हता. वहीत मात्र ६५ ग्रॅमच्या जागी एके दिवशी ५६ लिहावे लागले. म्हणजे दर सोळा टक्क्यांनी वाढला आणि कुठे कोणी हूं की चूं केलं नाही. महागाई अशी वजनातूनही येते.

पाकीट पालथं करा

पाकिटाच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते. मागच्या बाजूला कायद्याने छापायला लावलेला मजकूर असतो: निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याचा किंवा पॅक केल्याचा महिना आणि वर्ष, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क. शिवाय आता एकक विक्री किंमतही छापावी लागते, म्हणजे एका ग्रॅमला किंवा एका किलोला किती रुपये ते. हा आकडा सहसा सर्वांत बारीक अक्षरांत असतो. आधी तोच शोधायचा.

त्यात एक खुबी आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅमचा असतो आणि एक किलोपेक्षा जास्त असेल तर किलोचा. पातळ पदार्थांना तसंच मिलिलिटर आणि लिटर. अर्ध्या किलोच्या पाकिटावर '०.११ रुपये प्रति ग्रॅम' वाचून काही बोध होत नाही, शून्य पॉइंट म्हटलं की सगळंच स्वस्त वाटतं. दशांशचिन्ह तीन घरं उजवीकडे सरकवा: ०.११ म्हणजे ११० रुपये किलो. भाच्याच्या बरणीवरही '१.६०' छापलेलं होतंच. ते १,६०० आहेत हे दुकानात त्याच्या ध्यानात आलं नाही, एवढंच.

तेलाचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे पैसेही मोठे जातात आणि फसगतही तिथेच होते. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. आता फळीवर शेजारी शेजारी दोन पिशव्या आहेत. एकीवर '१ लिटर', १५५ रुपये. दुसरीवर '८५० ग्रॅम', १४८ रुपये. दिसायला सारख्याच फुगलेल्या. दुसरी सात रुपयांनी स्वस्त म्हणून मी कित्येक महिने तीच उचलत होते. हिशेब केला तेव्हा पहिलीचं तेल किलोला १७० रुपये पडत होतं आणि दुसरीचं १७४.

डब्यांचंही तसंच. डबा १५ किलोचा असतो आणि १५ लिटरचाही असतो. डबे दिसतात सारखे, पण १५ लिटरच्या डब्यात तेल असतं साडेतेरा किलोच्या थोडं वर. माझ्या वहीत किलोचा डबा २,५०५ रुपये आणि लिटरचा २,३४० अशी एका दिवसाची नोंद आहे. किलोच्या डब्यात किलोला १६७ पडले, लिटरच्यात १७१. १६५ रुपये वाचले म्हणून आनंदाने लिटरचा डबा रिक्षात घालून आणणारे आमचे 'हे' अजून त्या विषयावर बोलत नाहीत.

आणि तेलाची साठेबाजी नको. आपल्याकडे लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरच्या देशांतून येतं, त्यामुळे दिल्लीत शुल्क बदललं की इथल्या फळीवर भाव हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं, आणि मे २०२५ च्या शेवटी ते १० टक्क्यांवर आलं. बातमी ऐकून धावत जाऊन तीन डबे भरणाऱ्यांचं तिसऱ्या डब्यातलं तेल खवट झालेलं मी पाहिलंय.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त, हाही एक भ्रमच. शाम्पूची दोन रुपयांची पुडी आमच्याकडे सहा मिलिलिटरची मिळते, म्हणजे मिलिलिटरला ३३ पैसे. त्याच शाम्पूची १८० मिलिलिटरची बाटली १३० रुपयांना, म्हणजे ७२ पैसे. तेव्हा पुड्यांची माळ न्हाणीघरात टांगायला लाजू नका. प्लास्टिकचा कचरा वाढतो, हे मात्र खरं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कराचा वाटा किती

१८ जुलै २०२२ पासून आधी पॅक करून लेबल लावलेलं धान्य, डाळी, पीठ यांच्या २५ किलोपर्यंतच्या पाकिटांवर ५ टक्के जीएसटी लागतो. पोत्यातून तुमच्यासमोर मोजून दिलेल्या सुट्या धान्याला तो नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली. त्याआधीच्या बिलांवरून भाव ताडून पाहणार असाल तर हे लक्षात ठेवा. पण मुद्दा असा की पाकीटबंद आणि सुट्या डाळीत किलोमागे तीस-चाळीस रुपयांचा फरक दिसला, तर त्यात कराचे सहा-सात रुपयेच असतात. बाकीचे निवडण-टिपण, वाहतूक, पिशवीवरची छपाई आणि विशेषणं यांचे.

विशेषणांना मोल द्यायचं की नाही हे तपासता येतं. 'सेंद्रिय' म्हणणाऱ्या पाकिटावर जैविक भारतचं चिन्ह शोधा. ते असेल तर त्यामागे प्रमाणीकरण असतं. 'पारंपरिक', 'आजीच्या हातचं', 'गावरान' यांना असं कसलंच चिन्ह नाही, ते शब्द कोणीही छापावेत. घटकांची यादी मात्र खोटं बोलायला अवघड, कारण ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. कोकम सरबताच्या बाटलीवर बहुतेक वेळा पहिली येते साखर. म्हणून आम्ही सरबताच्या सिरपऐवजी आगळ घेतो. आगळात मीठ असतं, त्यामुळे ते सोलकढीला उत्तम. आणि सरबत प्यायचंच असेल तर रातांब्याच्या दिवसांत टरफलं साखरेत घालून बरणी उन्हात ठेवायची.

आपल्या वेळेचा दर काढा

सोयीसाठी जास्त पैसे देणं म्हणजे उधळपट्टी, असं आमच्या सासूबाई मानायच्या. मी मानत नाही. नोकरी करून घर सांभाळणारीला संध्याकाळची वीस मिनिटंही मोलाची असतात. पण किती मोलाची, हे आकड्यात काढून बघा. तयार वस्तूची किंमत घ्या, त्यातून कच्च्या मालाची किंमत वजा करा, आणि उरलेल्या रकमेला वाचलेल्या वेळाने भागा. तासाला काय पडलं ते कळतं.

मी तीन गोष्टी घड्याळ लावून केल्या.

पहिला नारळ. चाळीस रुपयांचा नारळ फोडून, विळीवर खवून चव निघाला २०० ग्रॅम, वेळ सात मिनिटं. खवलेल्या गोठवलेल्या खोबऱ्याचं २०० ग्रॅमचं पाकीट ९५ रुपये. म्हणजे सात मिनिटांचे ५५ रुपये, तासाला ४७० च्या घरात. एवढा पगार मला कोणी देत नाही. नारळ मीच खवते. मनगट दुखत असलं तर मात्र खुशाल पाकीट आणते.

दुसरी लसूण. १०० ग्रॅम सोललेली ६० रुपये, तेवढी सोलायला लागणाऱ्या गड्ड्या २३ रुपयांच्या, वेळ दहा मिनिटं. तासाला २२२. शिवाय सोललेली लसूण चार दिवसांत बुळबुळीत होते. रद्द.

तिसरे वाल. इथे माझा अंदाज साफ चुकला. अर्धा किलो वाल ८० रुपयांचे. ते भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलला. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या, नखाखाली साल घुसली, आणि घड्याळात सव्वा तास गेला. बिरडं निघालं ८५० ग्रॅमच्या आसपास. बाजारात पाटीवर बसणारी मावशी सोललेलं बिरडं ५० रुपये पाव देते, म्हणजे एवढ्याचे १७०. माझ्या सव्वा तासाचे वाचले ९० रुपये, तासाला ७२. तेव्हापासून मी बिरडं सोललेलंच घेते आणि भावात घासाघीस करत नाही.

हा हिशेब प्रत्येकीचा वेगळा येईल. निवृत्त माणसाला दुपारच्या वेळी टीव्हीसमोर वाल सोलणं हा विरंगुळा असतो, त्याने पैसे का द्यावेत? तसंच दळणाचं: गहू आणून, निवडून, गिरणीत नेऊन पाच किलोमागे आमचे पंचवीस रुपये वाचतात. गिरणी घराखाली असेल तर दळा, वाट वाकडी करावी लागत असेल तर कणीक आणा.

मासे: वाटा की पाकीट

साफ करून, तुकडे करून, बर्फात घालून येणारे मासे आता आमच्यासारख्या गावांतही दिसू लागलेत. त्यांच्याशी वाट्याची तुलना करणं अवघड वाटतं, कारण मासळीबाजारात बांगडा किलोवर नसतो, वाट्यावर असतो. मी एकदा वाटा घरी आणून काट्यावर ठेवला. सहा बांगडे, २०० रुपये. वजन ९५० ग्रॅम. पोट, कल्ले, शेपट्या काढून उरले ६४० ग्रॅम. साफ केलेला बांगडा पडला ३१२ रुपये किलो. बाजारातच साफ करून घेतला असता तर वीस रुपये जास्त, म्हणजे ३४४. पाकिटातला ४५० ग्रॅम २८५ रुपयांना, म्हणजे ६३३ रुपये किलो. हिशेब नेहमी साफ केल्यानंतरच्या वजनावर करायचा. कोळंबीत तर डोकं-सालीत निम्म्याच्या जवळपास वजन जातं, त्यामुळे सोललेल्या कोळंबीचं पाकीट पहिल्या नजरेला वाटतं तेवढं महाग नसतं.

वाट्यात वरचे दोन मासे तुकतुकीत आणि खालचे कालचे, हा खेळ जुना आहे. वाटा हाताने पसरून बघा, खालच्या बांगड्याचा कल्ला उचला, लाल असला पाहिजे. बोट दाबल्यावर खड्डा राहिला तर पुढे चला. मी अशी पाहत असताना आमची नेहमीची मासेवाली म्हणाली, "वहिनी, लग्नाला मुलगी बघताय की बांगडा?" म्हणून काही मी बघायचं सोडलं नाही. हर्णै, दाभोळ, मिरकरवाड्याचा माल ज्या दिवशी भरपूर येतो त्या दिवशी दुपारनंतर वाटा मोठा होतो, हेही वहीतूनच कळलं.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. तेव्हा ताज्या म्हणून मिळणाऱ्या मासळीला चढा भाव देण्यापेक्षा सुकटीकडे वळावं. ती त्याआधीच भरलेली असली पाहिजे.

आगोट: काय भरावं, काय भरू नये

पावसापूर्वीची बेगमी म्हणजे आगोट. आधी रस्ते तुटायचे, बाजार बंद पडायचे, म्हणून ती करावी लागे. आता ती पैशांसाठी करावी, कारण मे महिन्यात माल भरपूर असतो आणि ऊन फुकट मिळतं. मात्र इथली हवा विसरून चालणार नाही. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आषाढात मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही. देशावरच्या बहिणीने वर्षाचे गहू भरले म्हणून आपणही भरले, तर श्रावणात चाळणीत पोरकिडे मोजायला बसावं लागतं.

मिरगाच्या आधी, मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आम्ही हे भरतो: तीन महिने पुरेल एवढा तांदूळ, कुळीथ, वाल, चवळी, तूरडाळ, आमसुलं, मसाला, पापड-कुरडया, सुके बोंबील, सोडे, जवळा. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर त्याच्या दोन-तीन माळा. त्या वाऱ्याला टांगायच्या, टोपलीत ढीग घातला की खालचे कांदे सडतात.

पोहे, रवा, मैदा, बेसन, कणीक, शेंगदाण्याचं कूट, सुकामेवा, फरसाण मात्र पंधरा दिवसांच्या वर नाही. पाच किलो पोह्यांवर साठ रुपये वाचवून दीड किलो कुबट झालेले फेकले, तर काय वाचलं?

रीत अशी. कडधान्यं आणि डाळी दोन दिवस कडक उन्हात, चादरीवर पातळ पसरून. संध्याकाळी घरात आणल्यावर लगेच डब्यात भरायची नाहीत. रात्रभर निवू द्यायची, नाहीतर आतल्या उष्णतेने झाकणाला पाणी सुटतं. तूरडाळीला एरंडेलाचा हात: ताटात डाळ घेऊन तळहातावर थोडं तेल, आणि हलक्या हाताने चोळायचं, दाणा नुसता चकाकला पाहिजे, ओशट होता कामा नये. तांदळाच्या पिंपात तळाला आणि मधल्या थरांत निरगुडीचा वाळलेला पाला. पाला ओला राहिला तर बुरशी येते, तेव्हा आधी आठ दिवस सावलीत वाळवून घ्यायचा. सुकी मासळी पुन्हा एकदा उन्हात खडखडीत करून, कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा धान्यापासून लांब. पाऊस सुरू झाल्यावर ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी सगळं काम टाकून डबे उघडायचे.

मसाला घरी करायचा तर मिरच्या एप्रिलमध्ये घ्या, मेच्या शेवटी गर्दी आणि भाव दोन्ही चढतात. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी. अख्खी मिरची आणि अख्खे धणे डोळ्यांनी पारखता येतात. सुट्या तिखटात आणि हळदीत काय आहे हे तुम्ही-मी सांगू शकत नाही, म्हणून या दोन गोष्टी सुट्या कधीच घेऊ नका. सुटं खाद्यतेलही नको, ते असं विकायला कायद्याची मनाई आहे. घरचं खोबरं घाण्यावर नेऊन तेल काढून आणत असाल तर गोष्ट वेगळी. २०२५ मध्ये खोबरेल तेलाचे भाव विक्रमी गेले तेव्हा गावागावात लोकांना माळ्यावरच्या खोबऱ्याची आठवण झाली.

नारळ गणपतीच्या आठवड्यात घेऊ नका. सोडणासकट, म्हणजे असोले नारळ श्रावणातच आणून ठेवा. सोललेल्यापेक्षा ते खूप जास्त दिवस टिकतात. सोलायला माणूस शोधावा लागतो, तो एक व्याप आहे.

आणि एक गोष्ट आमच्या गावाने आम्हाला शिकवली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आमची सगळी आगोट तळमजल्यावर होती. तांदळाचं पिंप तरंगत जिन्याला अडकलं होतं. झाकण घट्ट होतं, तरी आत चिखल. तीन दिवसांनी आम्ही ते सगळं फावड्याने उपसून बाहेर टाकलं. तेव्हापासून आमचा साठा पहिल्या मजल्यावर आणि गणपतीपर्यंत पुरेल एवढाच. नदीकाठी किंवा खाडीकाठी राहत असाल तर स्वस्त मिळतंय म्हणून वर्षाचं भरू नका.

सुटं घेताना

नेहमीचा वाणी एक धरा, पण डोळे उघडे ठेवून. काटा शून्यावर आहे का, रिकामी पिशवी किंवा खोका वजनात धरला जातोय का, ते बघा. मिठाईचा खोकाही वजनात धरता येत नाही. काट्याचा संशय आला तर त्याच दुकानातलं एक किलो साखरेचं बंद पाकीट त्यावर ठेवायला सांगा. तक्रारीचा सूर लावू नका, सहज म्हणून सांगा. काटा मागेपुढे दाखवत असेल तर दोघांनाही कळतं.

मोठ्या दुकानात महिन्यातून एकदा जाणं परवडतं का, याचा हिशेब रिक्षाचं भाडं धरून करा. आमच्या घरून जाऊन-येऊन दोनशे रुपये होतात. दीड हजाराच्या खरेदीत तेवढे वाचत नाहीत, चार हजारांच्या खरेदीत वाचतात. म्हणून आम्ही शेजारच्या दोन घरांची यादी एकत्र करून एकाच रिक्षाने जातो. 'एकावर एक'च्या पाट्यांपुढे दर किलो काढल्याशिवाय थांबायचं नाही.

मोबाइलवरून मागवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी: वस्तूंचे भाव बघू नका, शेवटचा आकडा बघा. घरपोच आणण्याचे, हाताळणीचे, खरेदी लहान असल्याचे, पाऊस असल्याचे असे सगळे पैसे त्यात असतात. ते धरून आमच्या लेकीने एकदा कोथिंबिरीच्या जुडीचा खरा दर काढला आणि मला फोन करून वाचून दाखवला. आता ती शनिवारी मंडईत जाते.

जास्त पैसे मागितले तर

छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. थंड करण्याचे वेगळे दोन रुपये, हे कारण कायद्यात नाही. छापील किमतीवर दुसरं लेबल चिकटवून किंमत वाढवलेली असेल तर तेही चालत नाही. कमी केलेल्या किमतीचं लेबल चालतं, पण त्याखाली मूळ किंमत झाकता येत नाही. हॉटेलात बसून मागवलेल्या पाण्याच्या बाटलीला मात्र हे लागू होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसं स्पष्ट केलंय. किनाऱ्यावरच्या टपरीवर बाटली विकत घेतली तर छापील किंमतच.

एका स्टँडवर वीसच्या बाटलीचे बावीस मागितले, तेव्हा मी बिल मागितलं. बिल मिळालं नाही, दोन रुपये परत मिळाले. न मिळाले तर बाटलीचा आणि दुकानाचा फोटो काढून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, किंवा जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात लेखी द्या.

लहान पाकीट कुणासाठी

गुहागरच्या आत्या ऐंशीच्या पुढे आहेत आणि एकट्या राहतात. पहिल्या वर्षी वहीच्या जोरावर मी त्यांच्यासाठी पाच किलो कणीक, दोन किलो रवा, किलोभर चहा असं 'स्वस्तातलं' सामान नेलं. पुढच्या महिन्यात गेले तर रव्याला जाळी, कणकेला वास, आणि आत्या रवा चाळत बसलेल्या. डबा उचलताना पाठ धरली होती ती निराळीच. "इतकं कशाला आणलंस गो," एवढंच म्हणाल्या.

आता त्यांच्यासाठी अर्ध्या किलोची पाकिटं, शंभर ग्रॅम चहा, खवलेल्या खोबऱ्याचं गोठवलेलं पाकीट आणि सोललेलं बिरडं नेते. झाकणं सहज फिरणारी घेते, मग ती किती का महाग असेनात. किलोमागे बारा-पंधरा रुपये जास्त जातात. आणि भाच्याची ती बरणी, तिचं लाकडी बूच आत्यांच्या हाताला बरोबर बसतं, म्हणून तीही तिकडेच गेली. मे महिन्यात त्यांनी ती स्वतःच्या झाडाच्या आमसुलांनी भरून परत पाठवली, चिठ्ठी तशीच ठेवून.